टेस्ट क्रेडिट

शटर अर्धं खाली आलं की मी खेळते.
माजिवड्याचा मॉल, तिसरा मजला, बावीस मशीन.
प्रत्येकाचं कुलूप काढायचं, आतलं हिरवं बटण दाबायचं,
एक डाव खेळून बघायचा आणि वहीत लिहायचं:
ठीक. ठीक. डावी काठी सैल. ठीक.
एकोणीस नंबर मी शेवटी ठेवते,
पानातलं एक भजं ठेवावं तसं.

त्यात सगळं वरून दिसतं.
आपलं विमान तळाशी, बोटाच्या पेराएवढं,
आणि वरून ते उतरतात,
आधी दोन-दोन, मग रांगेनं, मग रांग कसली,
पोतं फाटून चुरमुरे सांडावेत तशा गोळ्या,
गुलाबी, निळ्या, पडदाभर.
मागे उभ्या वॉचमनला वाटतं, संपली ही.

पहिल्या महिन्यात संपायचेच.
अकरा सेकंदांत एक जीव, मग दुसरा,
तिसरा जाताना तर हसू यायचं.
मग दुरुस्तीवाले कुट्टीकाका आले,
तोंडात स्क्रू धरून म्हणाले,
पोरी, गोळ्यांकडे कशाला बघतेस?
पंखाला लागली तर लागू दे, पंख खोटे.
मरायची जागा एकच, मधला पांढरा ठिपका,
तांदळाच्या कणीएवढा.
तेवढा सांभाळ.

त्या रात्री मानपाड्याला घरी पोचून
मी बराच वेळ जागी होते.
एवढं विमान, दोन पंख, शेपूट, मागे जाळ,
आणि मरण्याजोगं त्यात एवढंसंच.

तेव्हापासून मी फटी बघते.
फट येते, सरकते, मिटते,
मिटायच्या आत दुसरीत.
गोळी अंगाला चाटून गेली तर वर पन्नास गुण,
लांबून पळणाऱ्याला काहीच नाही.
घोडबंदर रोड ओलांडतानाही आता मी
ट्रककडे बघत नाही.

दिवसा ते दुसरीकडून उतरतात.
टोकन गिळलं तुमच्या मशीननं.
मॅनेजरला बोलवा.
ए, इकडे पोरानं ओकलंय, पूस जरा.
शेट्येसाहेब: हसून बोलायला पैसे पडतात का?
पंखाला लागतं.
लागू दे.

पण मंगळवारी आईचा फोन आला.
ते लोक रविवारी येतायत, नीट तयार हो,
आणि हे बघ, मी त्यांना सांगितलंय
तू ऑफिसात आहेस.
आवाजात तिच्या काही नव्हतं, भाजीचा भाव सांगावा तसा.
ती मात्र बरोबर मधोमध आली.

टेस्ट क्रेडिटवर खेळलेलं मशीन लिहून ठेवत नाही.
एक कोटी बारा लाख केले मी एकदा,
आकडा लुकलुकला, पुसला गेला,
आणि पुन्हा तीच दहा नावं,
कारखान्यातून आलेली, इंग्रजी,
त्यातलं कुणी कधी ही काठी धरलेली नाही.

म्हणून शनिवारी, साठ रुपये काढून,
पावती फाडून, माझीच मला,
एकोणीसपुढे गिऱ्हाइकासारखी उभी राहिले.
आणि हात कापला.
साठ रुपये म्हणजे दोन वेळची रिक्षा.
दुसऱ्याच टप्प्यात, एका साध्या, हळू येणाऱ्या गोळीवर,
जी मी झोपेतही चुकवली असती,
तिसरा जीव गेला.

तरी नववा नंबर आला.
त्यानं तीन अक्षरं मागितली.
माझं नाव मेघमाला, ते तिनात बसेना,
आणि दहा सेकंद उलटे मोजणं चालू होतं.
काठी फिरवत फिरवत अक्षरांच्या पार टोकाला गेले,
तिथे एक ठिपका होता.
तो घेतला. पुन्हा तो. पुन्हा तोच.

काल एका पोरानं काचेला नाक लावून विचारलं,
ताई, हे नऊ नंबरला कोण आहे?
मी टोकन मोजत होते.
अठरा झाले, म्हणाले, धर.